मागच्या बाकावरून काय दिसतं? पाठ निरीक्षकांना खुले पत्र

प्रति,
सराव पाठांचं निरीक्षण करणारे सर्व प्राध्यापक आणि निरीक्षण-पत्रिका ठरवणारी अभ्यास मंडळं

आदरणीय सर, आदरणीय मॅडम,
सविनय नमस्कार.

मी छात्राध्यापिका आहे. माझी आंतरवासिता, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव, आता संपत आली आहे. इतक्या आठवड्यांत वर्गात तंत्रज्ञान वापरताना जे दिसलं, ते तुमच्यापर्यंत पोहोचावं म्हणून हे पत्र लिहिते आहे. पत्र खुलं आहे, कारण हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही. माझ्याबरोबर पाठ घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीने आणि प्रत्येकाने तो कधी ना कधी बोलून दाखवला आहे, फक्त तुमच्यासमोर नाही.

तुमच्या हातातल्या निरीक्षण-पत्रिकेत एक रकाना असतो, ‘शैक्षणिक साहित्य व तंत्रज्ञानाचा वापर’. त्याला दहा गुण असतात. पाठाच्या आदल्या रात्री आमची झोप उडते ती बऱ्याचदा या रकान्यामुळे. उद्या कोणत्या मुलाला काय अडेल, याचा विचार करायच्या वेळी आम्ही प्रोजेक्टरची केबल कोणाकडे मिळेल ते शोधत असतो. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. गुण जिथे असतात तिथे विद्यार्थी धावतो आणि आम्हीही विद्यार्थीच आहोत.

माझा अपूर्णांकांच्या बेरजेचा पाठ घ्या. पस्तीस मिनिटांच्या तासासाठी मी सत्तावीस स्लाइड केल्या होत्या. रंग, बाण, सरकत येणारे आकडे, सगळं होतं. वर्ग अगदी शांत होता. तास संपल्यावर पत्रिकेवर शेरा मिळाला, ‘साहित्य उत्तम, तंत्रज्ञानाचा प्रभावी वापर’, आणि दहापैकी नऊ गुण. मला खूप आनंद झाला. त्याच दुपारी मी मुलांच्या वह्या तपासायला घेतल्या.

तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीची वही अजून डोळ्यांसमोर आहे. अक्षर सुबक, समास आखलेला. त्यात लिहिलं होतं : ‘छेद समान असलेल्या अपूर्णांकांची बेरीज करताना छेद’. वाक्य तिथेच थांबलं होतं. खालच्या ओळीवर लगेच ‘उदाहरण २’. तिचा हात ‘छेद’ या शब्दापर्यंत पोहोचला आणि मी पुढची स्लाइड लावली. ‘तोच राहतो’ हे दोन शब्द म्हणजे त्या तासाचा जीव होता आणि नेमके तेच वहीत नव्हते. त्याखाली तिने उदाहरण सोडवलं होतं : १/५ + २/५ = ३/१०. छेदांचीही बेरीज. मग मी बाकीच्या वह्या त्याच नजरेने पाहिल्या. अर्धी राहिलेली वाक्यं अकरा वह्यांत सापडली आणि प्रत्येक वाक्य स्लाइड बदलली तिथेच तुटलं होतं.

तुम्ही वर्गात सगळ्यात मागे बसला होता. तिथून पडदा पूर्ण दिसतो आणि मुलांच्या पाठी दिसतात. वह्या दिसत नाहीत, चेहरे दिसत नाहीत. वर्ग शांत होता हे खरं, पण मुलं घाईघाईने उतरवून घेत होती म्हणून शांत होता. मलाही पुढून ते कळलं नाही, कारण माझं अर्धं लक्ष लॅपटॉपकडे होतं. त्या नऊ गुणांबद्दल तुम्हाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. रकान्यात जे विचारलं होतं, त्याचं उत्तर तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत. माझं म्हणणं आहे की प्रश्नच चुकीच्या जागेवरून विचारला जातो आहे.

पुढच्या आठवड्यात तोच घटक मी दुसऱ्या तुकडीत खडू-फळ्यावर शिकवला. फळ्यावर लिहिताना शिक्षकाचा हात मुलाच्या हाताच्याच चालीने चालतो. मी ‘छेद’ लिहीपर्यंत मुलंही ‘छेद’ लिहीत असतात. आणि चौथी पायरी लिहिताना पहिली पायरी फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात तशीच असते. मध्येच ज्याचा धागा सुटला, तो मान वर करून मागे जाऊन येतो. स्लाइड बदलली की मागचं सगळं गेलं, मग ते मुलाने डोक्यात धरून ठेवायचं. एका वेळी डोक्यात धरता येतं ते फार थोडं. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी १९८८ मध्ये बोधनिक भाराची जी मांडणी केली, तिच्या मुळाशी हीच मर्यादा आहे, आणि आम्ही ती शैक्षणिक मानसशास्त्राच्या पेपरात लिहूनही आलो आहोत. रिचर्ड मेयर यांचे प्रयोगही अभ्यासाला होते : पडद्यावर चित्र दाखवून तोंडाने समजावलं तर शिकणं सोपं जातं, आणि तीच वाक्यं पडद्यावरही छापून वर मोठ्याने वाचून दाखवली तर उलट अवघड जातं. मी त्या सत्तावीस स्लाइडवरचं प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचलं होतं. परीक्षेत जे बरोबर लिहिलं, ते वर्गात मी पाळलं नाही. पत्रिकेत त्याबद्दल कोणी विचारतच नव्हतं.

यावरून कुणाला वाटेल की ही मुलगी तंत्रज्ञानाच्या विरोधात आहे. तसं मुळीच नाही. म्हणून आता विजेच्या परिपथाचा पाठ सांगते.

एक सेल, दोन बल्ब एकसर जोडणीत, म्हणजे एकापुढे एक. मुलांना आधी विचारलं, कोणता बल्ब जास्त उजळेल? बहुतेकांनी सांगितलं, पहिला. कारण विचारलं तर म्हणाली, पहिला बल्ब वीज वापरतो, उरलेली दुसऱ्याला मिळते. ही समजूत जगभरच्या मुलांत सापडते, त्यामुळे मी तयारीत होते. खरा सेल, खऱ्या वायरी, दोन खरे बल्ब लावून दाखवले आणि दुसरा बल्ब खरोखरच मंद पेटला! मुलं आनंदाने ओरडली, “बाई, बघा, आम्ही म्हणत होतो!” बल्ब अगदी एकसारखे कधीच नसतात, त्यांच्या तारेत थोडाफार फरक असतोच, आणि त्या दिवशी तो फरक नेमका मुलांच्या चुकीच्या बाजूने उभा राहिला. मी बल्बांची अदलाबदल केली. आता मंद बल्ब पहिल्या जागी आला. वर्ग गोंधळला. एक मुलगा हळूच म्हणाला, “म्हणजे जागेमुळे नाही.” तो तासातला सर्वांत मोलाचा क्षण होता आणि तो प्रत्यक्ष बल्बामुळे आला.

पण ‘जागेमुळे नाही’ इथून ‘प्रवाह सगळीकडे सारखाच असतो’ इथपर्यंत पोहोचायला खरा बल्ब अपुरा पडतो, कारण वायरीच्या आत काय चाललं आहे ते डोळ्यांना दिसत नाही. इथे मी पडदा वापरला. नोबेल पारितोषिक मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ हा प्रकल्प सुरू केला. त्यातली आभासी प्रयोगांची साधनं विनामूल्य आहेत आणि त्यातली कितीतरी मराठीतही आहेत. त्यातल्या परिपथात इलेक्ट्रॉन निळ्या गोळ्यांच्या रूपात सरकताना दिसतात. पहिल्या बल्बाच्या आधी, दोन बल्बांच्या मध्ये आणि दुसऱ्या बल्बानंतर गोळ्या एकाच वेगाने चाललेल्या. मी काहीच सांगितलं नाही, फक्त विचारलं, “कुठे कमी झाल्या?” मुलं पडद्यापाशी आली, बोट ठेवून मोजायला लागली. मग प्रवाह मोजणारा अमीटर तीन ठिकाणी लावून पाहिला, तिन्हीकडे वाचन तेच.

त्यानंतर एका मुलीने विचारलं, “बाई, खऱ्या वायरीत या गोळ्या निळ्याच असतात का?” तेव्हा लक्षात आलं की हे चित्र आहे, हे सांगायचं माझं राहूनच गेलं होतं. इलेक्ट्रॉनला रंग नसतो, आणि अशा वायरीत ते इतके सावकाश सरकतात की एका सेकंदात मिलिमीटरभरही पुढे जात नाहीत. पडद्यावरचा वेग हा फक्त आपल्याला दिसावा म्हणून असतो. पुढच्या वेळी हे आधीच सांगायचं, असं मी पाठाच्या टाचणाच्या (लेखी आराखड्याच्या) समासात लिहून ठेवलं आहे.

या पाठात पडदा जेमतेम सहा मिनिटं चालू होता. पत्रिकेवर आलं, ‘तंत्रज्ञानाचा वापर मर्यादित’. सहा गुण.

नऊ गुणांच्या पाठात अकरा वह्यांमधली वाक्यं तुटली. सहा गुणांच्या पाठात वर्गाची एक जुनी चुकीची समजूत हलली. हे दोन आकडे मी रोज शेजारी ठेवून बघते आहे, म्हणूनच हे पत्र लिहायचं धाडस झालं.

आता टॅबविषयी. शाळेत सहा टॅब आणि वर्गात बेचाळीस मुलं, म्हणजे सात जणांच्या गटाला एक. पहिल्याच दिवशी दिसलं की प्रत्येक गटात टॅब एकाच्याच हातात राहतो आणि तो एक बहुधा ज्याला घरी अशा वस्तूंची सवय आहे तोच असतो. त्याच्या दोन्ही बाजूंचे दोघं वाकून बघतात, उरलेले चौघं आपापलं काहीतरी करतात. मागून पाहिलं तर सातही डोकी एकत्र जमलेली दिसतात आणि ‘गटकार्य’ या रकान्यात छान शेरा मिळतो.

त्या टॅबवर आम्ही प्रश्नमंजुषा घेतली. संगीत वाजतं, सेकंद उलटे मोजले जातात, जो आधी बरोबर उत्तर देईल त्याला जास्त गुण, आणि दर प्रश्नानंतर पडद्यावर नावांची क्रमवारी. वर्ग नुसता उसळत होता. हे ॲप लावलं की पाठ हमखास रंगतो, हे आमच्यात सगळ्यांना माहीत आहे. तिसऱ्या प्रश्नानंतर एका मुलाने आपल्या गटाचा टॅब बाकावर पालथा घातला. तो सावकाश विचार करणारा मुलगा आहे, पण त्याची उत्तरं पक्की असतात. मी जवळ गेले तर म्हणाला, “मला येतंय बाई, पण ते संपतं.”

दोन दिवसांनी तेच प्रश्न मी कागदावर घेतले. प्रत्येकाला अ, ब, क, ड अशी चार कार्डं कापून दिली. प्रश्न फळ्यावर, विचार करायला पूर्ण एक मिनिट, मग सगळ्यांनी एकदम कार्ड वर. गुण नाहीत, क्रमवारी नाही. चौथ्या प्रश्नाला बावीस मुलांनी एकच चुकीचं कार्ड दाखवलं. टॅबवर त्या प्रश्नाला मला फक्त कोण पुढे आहे ते कळलं होतं, इथे माझं शिकवणं कुठे फसलं ते कळलं. मग त्यांना म्हटलं, शेजाऱ्याला पटवून द्या आणि पुन्हा कार्ड दाखवा. दुसऱ्या वेळी चुकीची कार्डं सात राहिली.

ही युक्ती माझी नाही. हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मेझर १९९१ पासून अशा पद्धतीने शिकवत आले आहेत : प्रश्न, प्रत्येकाचं स्वतंत्र उत्तर, शेजाऱ्याशी चर्चा, पुन्हा उत्तर. पुढे नॅथॅनियल लॅसरी यांनी २००८ मध्ये हीच पद्धत एका गटात इलेक्ट्रॉनिक क्लिकर (बटण दाबून उत्तर नोंदवायचं छोटं यंत्र) देऊन आणि दुसऱ्या गटात साधी कार्डं देऊन तपासली. विद्यार्थ्यांच्या शिकण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. क्लिकरमुळे शिक्षकाला आकडे झटपट मिळतात आणि जपून ठेवता येतात, ही सोय खरीच आहे. पण मूल शिकतं ते शेजाऱ्याला पटवून देताना. माझा कार्डांचा पाठ तुमच्या निरीक्षणाखाली झाला असता, तर त्या रकान्यात काय लिहिलं गेलं असतं, याचा अंदाज मला आहे.

साधन असणं आणि त्यातून शिकणं होणं यांतलं अंतर मोठ्या प्रमाणावरही दिसून आलं आहे. पेरू देशात ग्रामीण भागातल्या ३१९ प्राथमिक शाळा घेऊन ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या योजनेचं मूल्यमापन झालं. त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. लॅपटॉप पोहोचले, मुलं ते वापरूही लागली, सर्वसाधारण बौद्धिक कौशल्यांत थोडी सुधारणा दिसली, पण गणितात आणि भाषेत फरक आढळला नाही. तिथे शिक्षकांनी त्या लॅपटॉपवर काय शिकवायचं, हा भाग फार अपुरा राहिला होता. आमचा रकाना लहान आहे, पण तोही ‘पोहोचलं का’ एवढंच विचारतो.

ज्या एका मुलाबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, त्याला कुठलाच रकाना नाही.

त्याची नजर अधू आहे. पहिल्या बाकावर बसूनही फळा वाचता येत नाही. आतापर्यंत तो शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घ्यायचा, म्हणजे शेजाऱ्याचं लिहून होईपर्यंत थांबायचा आणि तोवर मी पुढे गेलेली असायची. वर्गशिक्षिकांच्या परवानगीने मी त्याला शाळेचा एक टॅब दिला. तो बसल्या जागेवरून फळ्याचा फोटो काढायचा आणि दोन बोटांनी मोठा करून वाचायचा. पाठ्यपुस्तकातला उतारा टॅब मोठ्याने वाचून दाखवायचा आणि तो एका कानात इयरफोन घालून ऐकायचा. दुसरा कान त्याने स्वतःहून माझ्यासाठी मोकळा ठेवला होता. तिसऱ्या दिवशी मी फळ्यावर मुद्दाम नाही, खरंच चुकून एक वजाबाकी चुकवली. ती चूक सगळ्यात आधी त्याने पकडली. फोटो मोठा करून बघताना त्याला दिसली होती. वर्षभरात वर्गासमोर तो पहिल्यांदाच आपणहून बोलला, असं त्याच्या वर्गशिक्षिकांनी मला नंतर सांगितलं.

त्या दिवशी निरीक्षण होतं. पडदा बंद होता, म्हणून तंत्रज्ञानाचा रकाना कोरा राहिला. मागच्या भिंतीपासून पहिल्या बाकावरचा टॅब दिसण्यासारखा नव्हताच. सर, मॅडम, इतक्या आठवड्यांत मी तंत्रज्ञानाचा याहून खरा वापर केला नाही. ज्याला त्याच्यावाचून वर्गात येताच येत नव्हतं, त्याला ते आत घेऊन आलं.

आणखी एक गोष्ट सांगते, ती यंत्र मुलांकडे न वळवता स्वतःकडे वळवण्याची. वर्गशिक्षिकांना विचारून मी एका तासाला माझा मोबाइल टेबलावर ठेवला, फक्त आवाजाची नोंद करायला. घरी ऐकलं आणि लगेच पुसून टाकलं, कारण त्यात मुलांचे आवाज होते. पस्तीस मिनिटांत मी एकतीस प्रश्न विचारले होते. त्यांतल्या एकोणीस प्रश्नांची उत्तरं मीच दिली होती. प्रश्न संपला की सेकंद-दीड सेकंदात माझाच आवाज पुन्हा सुरू. टाचणात मी ‘विद्यार्थीकृती : विचार करून उत्तर देतात’ असं लिहिलं होतं. विचार करायला मी जागाच ठेवली नव्हती.

विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी वर्गांमधल्या ध्वनिफिती ऐकून हेच नोंदवलं होतं. त्यांचा १९७४ मधला लेख प्रसिद्ध आहे : शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंद थांबतात, आणि ते तीन सेकंदांवर नेलं की मुलांची उत्तरं लांबतात, न बोलणारी मुलं बोलू लागतात, मुलं स्वतः प्रश्न विचारू लागतात. पुढच्या तासाला मी प्रश्न विचारल्यावर मनात एक-दोन-तीन मोजायला सुरुवात केली. ते तीन आकडे फार लांब वाटतात, विशेषतः मागे कोणी पत्रिका घेऊन बसलेलं असेल तर. त्या शांततेत पाठ अडखळल्यासारखा दिसतो. ‘ओघ’ नावाचा एक रकाना आहे, तो मनात येतो आणि तोंड उघडतं. कृपा करून त्या शांततेचे गुण कापू नका.

सूक्ष्म अध्यापन, म्हणजे लहान गटासमोर थोडा वेळ शिकवण्याचा सराव, शिकताना अध्यापन, प्रत्याभरण (काय जमलं, काय चुकलं ते सांगणं), पुनर्नियोजन, पुनरध्यापन, पुनर्प्रत्याभरण हे चक्र आम्ही पाठ केलं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत बसवली, तेव्हा चित्रफितीचा कॅमेरा तिच्यात मोठं काम करत होता, कारण नवशिक्या शिक्षकाला आपलं शिकवणं परत बघता यायचं. शिक्षक-प्रशिक्षणात तंत्रज्ञान आलं ते आरशासारखं. आज आमच्या प्रत्येकाच्या खिशात त्याहून चांगला कॅमेरा आहे, पण आम्ही तो पाठाचे फोटो काढून फाइलला चिकटवायला वापरतो. आणि ‘पुनरध्यापन’ शाळेत पोहोचतच नाही. तोच पाठ दुसऱ्या तुकडीत पुन्हा घ्यायची संधी मला अपूर्णांकाच्या वेळी केवळ योगायोगाने मिळाली, एक शिक्षिका रजेवर होत्या म्हणून.

चॅटजीपीटीबद्दल थोडंच लिहिते, कारण तुम्हाला ते ठाऊक आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात ते सर्वांसाठी खुलं झालं आणि आता पाठ टाचणं त्यातून निघतात. मीही काढून पाहिलं. उद्दिष्टं, प्रस्तावना, हेतुकथन, स्वाध्याय, सगळं जागच्या जागी. ‘अपेक्षित उत्तर’ या रकान्यात प्रत्येक मुलाने बरोबर उत्तर दिलेलं. १/५ + २/५ चं उत्तर ३/१० येईल, हे त्यात नव्हतं. मी पुन्हा विचारलं, मुलं इथे काय काय चुकतील? तेव्हा त्याने नेमकी हीच चूक सांगितली, आणखीही तीन सांगितल्या, आणि त्या यादीचा मला खरंच उपयोग झाला. म्हणजे त्यालाही विचारावं लागतं. टाचणाच्या नमुन्यातच ‘अपेक्षित चुका’ असा रकाना असता, तर आम्ही सगळ्यांनीच ते विचारलं असतं, कोणी यंत्राला, कोणी वर्गशिक्षिकांना.

आता मागणं काय, ते स्पष्ट सांगते.

‘तंत्रज्ञानाचा वापर’ हा रकाना काढून टाका असं मी म्हणत नाही. तो काढला तर कितीजण पुन्हा प्रोजेक्टरला हातही लावणार नाहीत, आणि परिपथाच्या पाठातली ती सहा मिनिटंही जातील. त्याजागी दोन ओळींची मोकळी जागा द्या आणि विचारा : साधन चालू असताना मुलं काय करत होती? साधन नसतं तर काय अडलं असतं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘काही नाही’ असं आलं, तर तेही लिहा, आम्हाला त्यातून कळेल. माझ्या सत्तावीस स्लाइडना ते उत्तर मिळालं असतं, तर मला एका दुपारी त्या वह्या एकटीने वाचत बसावं लागलं नसतं.

पाठ संपल्यावर कोणत्याही पाच वह्या मागवून घ्या. दोन मिनिटं लागतात. आमच्याशी चर्चा त्या वह्या समोर ठेवून करा.

एका घटकाचा तरी पाठ दोन तुकड्यांत दोनदा घेऊ द्या, आणि गुण दुसऱ्या वेळचे धरा. वेळापत्रकात हे बसवणं सोपं नाही, शाळांनाही सांगावं लागेल, हे मला कळतं. पण पहिल्या वेळेला काय चुकलं हे कळूनही ते सुधारायला वर्गच मिळत नाही, ही आमची सगळ्यात मोठी अडचण आहे.

आणि शेवटचं मागणं खुर्चीचं. तुम्हीच जर मागे बसलात, तर मुलांना काय दिसतं हेसुद्धा तुम्हाला अर्धंच दिसतं. फारिया सना, टीना वेस्टन आणि निकोलस सेपेडा यांनी २०१३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात काही विद्यार्थ्यांच्या हातात लॅपटॉप नव्हताच, पण त्यांच्या नजरेच्या टप्प्यात दुसऱ्याचा लॅपटॉप होता आणि त्यावर भलतंच काही चाललं होतं. चाचणीत त्या विद्यार्थ्यांचे गुण इतरांपेक्षा सुमारे १७ टक्क्यांनी कमी आले. वर्गात कोणाची नजर कुठे आहे याला इतकं महत्त्व आहे आणि ती नजर फक्त समोरून दिसते. फळ्याच्या बाजूला, खिडकीपाशी बसलात तर बेचाळीस चेहरे दिसतील. कोण पडद्याकडे बघतंय, कोण टॅब हाती असलेल्याकडे, कोण अर्धं वाक्य लिहून मान वर करून पुन्हा शोधतंय, हे सगळं तिथून दिसतं. सुरुवातीला मुलं तुमच्याकडे बघतील. पाच मिनिटांनी विसरतील, मी वर्गशिक्षिकांना तिथे बसवून हे करून पाहिलं आहे.

येत्या सोमवारी तिसऱ्या तासाला माझा पाठ आहे, घटक क्षेत्रफळ. सुरुवातीची दहा मिनिटं पडदा बंद असेल, मुलं चौकटीच्या कागदावर आकृत्या कापतील. मग थोडा वेळ पडदा लागेल, कारण कापलेला त्रिकोण फिरवून समांतरभुज चौकोन कसा होतो हे सगळ्यांना एकदम बघायचं आहे. तुमच्यासाठी खुर्ची मी खिडकीपाशी, पुढच्या बाजूला ठेवते आहे.

आपली विश्वासू,
एक छात्राध्यापिका